फक्त दोन तारखा

आर्डिस हाउगेन म्हणजे आयोवातल्या त्या गावातली सर्वांत फटकळ बाई. प्रवचन लांबलं तर पाद्रीबुवांना तोंडावर सांगणारी. गावच्या वृद्धाश्रमात ती एकतीस वर्षं परिचारिका, आणि तिच्या जिभेची डॉक्टरांनाही धास्ती. पण नोकरी सोडून गेलेल्याची चौकशी करणारा फोन आला, की हीच बाई मुकी व्हायची. वृद्धाश्रम चालवणाऱ्या कंपनीचा दंडकच तसा: कधी लागला, कधी सोडलं, एवढंच सांगायचं, जास्त बोललात तर तो कोर्टात खेचणार.

डॅरेल नावाच्या मदतनिसाला एका म्हाताऱ्याचं मनगट पिरगाळताना तिने स्वतः पाहिलं होतं. तिने वर कळवलं, पण चौकशी होण्याआधीच त्याने राजीनामा दिला. आठवड्यातच शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमातून, तिथे माणसं नेमणाऱ्या लॉर्नाचा फोन आला. दोघी चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्या.

"मार्चमध्ये लागला, ऑक्टोबरमध्ये सोडलं," आर्डिस म्हणाली.

"अगं, ते अर्जात आहेच. माणूस कसाय? तू परत घेशील त्याला?"

"मला बोलता येत नाही गं."

"तुला? तुला बोलता येत नाही?" लॉर्ना हसलीच. "माझी आई इथंच असते, आर्डिस. नुसतं हो-नाही म्हण."

"नियम आहे बाई. सांगितल्या ना तारखा."

तिकडे अमेरिकेत सगळेच फक्त तारखा सांगतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. लॉर्नाने डॅरेलला ठेवून घेतलं.

जानेवारीत, पांघरूण घालताना हलली म्हणून, त्याने लॉर्नाच्या आईचा, हिल्माचा, हात मोडला. जबाब घेताना सरकारी वकील आर्डिसला म्हणाला, "आकस न ठेवता खरं सांगितलं असतंत, तर कायदा तुमच्याच पाठीशी होता. कित्येक वर्षं आहे तो."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"विचारलं होतंत कुणाला?"

नव्हतं विचारलं. जन्मभर नको तिथे तोंड चालवलं आणि हवं तिथे शेपूट घातली, हे तिच्या काळजाला घरं पाडत राहिलं.

रविवारी ती हिल्माला भेटायला गेली. लॉर्ना तिला पाहून उठली आणि खोलीबाहेर गेली. हिल्माचं पांघरूण सरकलं होतं. आर्डिसने ते नीट करायला हात पुढे केला, तशी म्हातारी भिंतीकडे सरकली आणि न मोडलेला हात तोंडावर आडवा धरून पुटपुटली, "नाही हलणार. मी नाही हलणार."