मामांच्या कादंबरीचं केळवण

आवडत्या कादंबरीवर सिनेमा येणार म्हटलं की दिवस मोजत बसणारे वेडे घरोघरी असतात; पण सिनेमाला स्थळ समजून त्याच्या घराण्याची चौकशी करणारा माणूस अख्ख्या उपनगरांत एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मुलुंड पूर्वेला एकटेच राहतात. लग्न केलं नाही, पण अकराशे पानांची एक अद्भुत कादंबरी तीस वर्षं वाचून वाचून जिवापाड सांभाळली. तिच्यात सावली हरवलेली राणी आहे, सात शेपटांचा अजगर आहे आणि होडीतून धुकं वाहून नेणारा एक नावाडी आहे. तिच्यावर सिनेमा निघतोय हे मामांनी मला सकाळी साडेसहाला फोनवर सांगितलं ते असं, "जावईबापू, ठरलं बरं का!" अर्धवट झोपेत मी मामांचंच अभिनंदन केलं. अडुसष्टाव्या वर्षी हे धाडस म्हणजे कमालच! मामांनी ते वधुपित्याच्या नम्रतेने स्वीकारलंसुद्धा.

त्या दिवसापासून सिनेमावाले व्याही झाले. मामा मरोळला त्यांचं ऑफिस शोधत गेले आणि दारावरच्या वॉचमनला विचारून आले, "माणसं कशी आहेत हो?" तो म्हणाला, "चांगली आहेत की. चहा टायमावर देतात." मामांनी त्याला पेढा दिला. मग कळलं, की याच दिग्दर्शकाने आधी आणखी एका कादंबरीवर सिनेमा केला होता. झालं! "पहिलीला फार जाच केलाय हो यांनी," मामा दोन दिवस जेवले नाहीत. "शेवटची दोनशे पानं गेल्या गेल्या काढून घेतली!" त्यांनी एक लांबलचक पत्र धाडलं : मुलीला घाईची सवय नाही, नावाड्याला कृपया नाचवू नये. उत्तर आलं नाही. "मुलाकडचे आहेत, ताठा असायचाच," असं म्हणून मामांनी स्वतःचीच समजूत घातली.

खरी धास्ती होती राणीच्या चेहऱ्याची. स्टेशनजवळ सिनेमाचं मोठं पोस्टर लागलं, त्यावर राणी होती. मामांनी ते पाहिलं नाही. ऐन डिसेंबरात उघडी छत्री त्या बाजूला कलती धरून ते भाजी आणायला जात. लोक वर आभाळाकडे बघत आणि मग मामांकडे. एकदा मला पुढे पाठवून त्यांनी हळूच विचारलं, "खुशाल दिसते का हो?" मी म्हटलं, "दिसते." मेकअप फार होता, ते सांगितलं नाही.

सिनेमा शुक्रवारी लागणार होता, म्हणून आधीच्या रविवारी केळवण झालं. पाटावर कादंबरी, भोवती रांगोळी, कादंबरीला नवं खणाचं कव्हर. माझ्या सासूबाईंनी औक्षण केलं आणि विचारलं, "दादा, हिला घास कोण भरवणार?" मामा विचारात पडले. शेवटी प्रत्येकाने एकेक पान वाचून दाखवायचं ठरलं. मी श्रीखंडाच्या हातानेच अजगर वाचत होतो, तेवढ्यात बायकोने फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, सिनेमा पुढे ढकललाय. अजगराची शेपटं कॉम्प्युटरवर अजून तयार नाहीत म्हणे. नवी तारीख दिलेली नाही."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी शांतपणे आणखी दोन पुऱ्या घेतल्या. "शेपटांच्या कामात घाई नको," ते म्हणाले. जेवणं झाल्यावर ते बाल्कनीत कादंबरी मांडीवर घेऊन बसले होते. मी सांत्वन करायला गेलो, तर स्वारी खुशीत!

"बरं झालं हो," ते म्हणाले. "पाच भाच्यांच्या लग्नांत मामा म्हणून मागे उभा राहिलो. अक्षता पडताना मामाला मुलीचा चेहरा दिसत नाही, जावईबापू. नुसती पाठ दिसते. या राणीचा चेहरा तेवढा मी रोज पाहिलाय. उद्या त्यांनी त्यांचा दाखवला की माझा पुसला जाणार. राहू दे, अजून थोडे दिवस आहे घरी."

इतके महिने मी या माणसाला हसत होतो, याची मला लाज वाटली.

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आतून स्टूल घेऊन आली, मामांच्या अगदी समोर बसली आणि म्हणाली, "वाच ना मामा. राणीचं वाच."

मामांनी पान उघडलं. पण बराच वेळ ते पुस्तकात बघतच नव्हते, समोर बघत होते.