काटेसाहेबांनी निवडलेला राइस कुकर

माझ्या सासऱ्यांना सगळा बाजार काटेसाहेब म्हणायचा. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. दुकानात शिरल्यावर त्यांची नजर आधी तराजूच्या काट्यावर जायची आणि मग माणसावर, आणि माणसावर गेली तरी काट्यावर असल्यासारखीच राहायची. कुणी नमस्कार केला तर बाबा तो मनातल्या मनात तोलून बघतात, असं माझा नवरा म्हणतो.

चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि खात्यातला सगळा संशय घरी घेऊन आले. दुधाची पिशवी मोजून झाली, साबणाची वडी तोलून झाली. टूथपेस्टच्या नळीत हवा भरलेली असते असं त्यांचं ठाम मत झालं. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग घरातला भात करपायला लागला आणि हसणं थांबलं.

भात सासूबाई लावायच्या, पसरट पातेल्यात, झाकण ठेवून. पाणी आटत आलं की गॅस बारीक करून त्या पंधरा मिनिटं बाहेरच्या खोलीत जाऊन बसायच्या. आयुष्यभर तसाच लावला, कधी शीत वाया गेलं नाही. आणि आता तीन महिन्यांत तिसऱ्यांदा पातेल्याचा तळ काळाठिक्कर पडला होता. जाऊन बघावं तर गॅस मोठा.

"मी बारीक केला होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "केला होता ना गं मी?"

"असेल," मी म्हणाले. त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. 'हो' म्हणायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी शेगडीच्या वरच्या फरशीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: गॅस बारीक केला का? नवऱ्याने कुठल्याशा स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पंधरा दिवसांनंतरची. आणि बाबांनी जेवताना जाहीर केलं, "राइस कुकर आणू. आपला आपण बंद होतो. कुणाच्या आठवणीवर भरवसा ठेवायला नको." सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आज भात, उद्या पोळ्या, परवा सगळं स्वयंपाकघरच आपल्या हातून काढून घेणार, हे त्यांना न सांगता कळलं होतं, आणि ते आम्हालाही कळलं होतं.

खरेदीला बाबांनी मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. पिशवीत पंच्यात गुंडाळलेलं काचेचं मोजपात्र होतं. निरोप समारंभात इतरांना घड्याळं मिळतात, यांना हे मिळालं होतं.

दुकानातल्या मुलीने पाच कुकर ओळीने मांडले. बाबांनी प्रत्येकाचं आतलं भांडं काढून टिचकी मारली, तळ उलटा करून बघितला, कडेला नख घासून लेप निघतोय का ते तपासलं. "सातशे वॅट लिहिलंय. असतीलच कशावरून?" मुलगी सोशिक होती. माणसं किती, विचारलं. चार. मग एक लिटरचा पुरे, म्हणाली. मोठा घेऊन त्यात थोडासा भात लावला तर तो तळाला वाळतो.

"म्हणजे मोठा विकायचा नाहीये तुला?" बाबांच्या कपाळाला आठ्या. जो दुकानदार स्वस्त माल सुचवतो त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय, हा त्यांचा जुना नियम.

तिने जाड बुडाचं भांडं, काचेचं झाकण आणि वेगळी होणारी वायर असलेला एक पुढे केला. खटका वर उडाला की शिजवणं बंद, मग नुसता गरम ठेवतो. खोक्यात प्लास्टिकचा एक छोटा कपही होता. बाबांनी तो उचलला आणि त्यांचे डोळे चमकले. पंचा सोडला, मोजपात्र काउंटरवर ठेवलं, कप पाण्याने काठोकाठ भरून त्यात ओतला.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. आवाज हळू होता, पण शेजारच्या मिक्सरवाल्या गिऱ्हाइकाने मान वळवली. "कप म्हणजे दोनशे चाळीस. साठ मिलिलिटर कुठे गेले?"

"काका, हा तांदळाचा कप आहे. तो इतकाच असतो."

"कप हा कप असतो."

"भांड्यातल्या रेषा याच कपाच्या आहेत. तीन कप तांदूळ घातले की पाणी तीनच्या रेषेपर्यंत. तुमचा मोठा कप वापरलात तर भात कच्चा राहील."

मी जमिनीत तोंड लपवायला जागा शोधत होते. बाबांनी तिच्याकडून तांदूळ मागवले, कपाने मोजून घातले, रेषेपर्यंत पाणी भरलं, ते परत ओतून मोजलं, दुसऱ्या कुकरच्या कपानेही मोजलं. सगळे कप एकशे ऐंशीचे. फसवणूक सापडली नाही म्हणून त्यांचा चेहरा पडला. कुकर घेतला, पण पावतीवर स्वतः पेनाने लिहून घेतलं, 'कप लहान, समजावून सांगितले.'

कुकर उत्तम निघाला. भात मोकळा, मऊ, तळ पांढरा. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि "छान झालाय" म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर म्हणतात तसं. त्यानंतर भात लावायच्या वेळेला त्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसू लागल्या. मला ते बघवत नव्हतं.

आठवडाभराने मला सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड खाली बसून सांडलेली मोहरी गोळा करत होते. सासूबाईंनी शेंगांची भाजी झाकण घालून शिजायला ठेवली, गॅस बारीक केला, चिठ्ठीकडे बघितलं, वाकून पुन्हा ज्योत बघितली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेल्या. मिनिटभरात बाबा आले, मांजराच्या पावलांनी. मागे वळून बघितलं. ज्योत न बघताच गॅसचं बटण जरासं मागे फिरवलं आणि समाधानाने मान हलवून निघाले. पातेल्याखाली ज्योत भसकन मोठी झाली.

मी उभी राहिले. "बाबा, काय केलंत?"

ते दचकले. मग म्हणाले, "आणखी बारीक केला. ती नेहमी मोठाच ठेवते. बघ ना, बटण पार टोकाला फिरवलेलं असतं."

मी बटणाकडे पाहिलं. "पार टोकाला म्हणजे मोठा?"

"मग? शून्यापासून काटा जितका लांब, तितकं वजन जास्त."

चौतीस वर्षं काटे वाचलेल्या या माणसाने जन्मात कधी गॅस लावला नव्हता. मी त्यांना खांद्याला धरून वाकवलं. बटण बंद केलं, गॅस पुन्हा पेटवला. शून्यापासून निघाल्याबरोबर ज्योत सगळ्यात मोठी, आणि पार टोकाला सगळ्यात बारीक. त्यांनी माझा हात बाजूला करून स्वतः करून बघितलं, तीन वेळा, तराजू तपासतात तसं. मग स्टुलावर बसले.

"भाताच्या गॅसलाही हात लावायचात?"

"रोज नाही. ती लांब बसलेली असली की."

मला संताप आला. कप एकशे ऐंशीचा का, म्हणून दुकान डोक्यावर घेणारा माणूस, आणि बायकोला एकदाही विचारलं नाही की तू बटण असं का फिरवतेस. पण 'असेल' म्हणणारी मीच होते, तेव्हा कुणावर ओरडणार?

"आईंना सांगा," मी म्हणाले.

"तूच सांग."

"नाही. तुम्ही."

ते बाहेर गेले. सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. खात्यात असताना बाबांसमोर दुकानदार उभे राहायचे तसे ते स्वतः सासूबाईंसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. "भात मी करपवला. गॅस कमी करायला जायचो, तो मोठा व्हायचा. बटणाची दिशा मला कळली नव्हती."

सासूबाईंना समजायला वेळ लागला. "म्हणजे मी बारीक केला होता?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

चादर मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या, लपवाछपवी न करता, हुंदके देत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, मी हळूहळू जातेय," त्या म्हणाल्या. "सकाळी डोळे उघडले की आधी सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचे, आहेत का अजून. पहिलं तुमचं म्हणायचे."

बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. तेवढ्यात आतून भाजीचा वास आला आणि सवयीने ते स्वयंपाकघराकडे निघाले.

"बसा," सासूबाई म्हणाल्या.

ते बसले. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, चादर बाजूला ठेवली आणि त्या एकट्या आत गेल्या. आतून बटणाचा आवाज आला, मग पळीचा. आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो, आणि आत काय चाललंय ते बघायला कुणीही उठलं नाही.