मैदानावर उकिडवी

सरांनी जमिनीवरचा खडा उचलला आणि माझ्या पसरलेल्या हातावर ठेवला. "घे. भीक मागायलाच आलीयस ना?" बोईसरच्या शाळेतला माझा पहिला कवायतीचा तास. अख्खा सहावीचा वर्ग खदाखदा हसला.

मी भीक मागत नव्हते. सरांनी शिटी मारली म्हणून मी उकिडवी बसले, दोन्ही हात पुढे केले. शिटी झाली की असंच बसायचं, एवढंच मला माहीत. आमच्या पाड्यावरची माणसं भातकापणी उरकली की वैतरणेकडे वीटभट्टीवर जायची. तिथला मुकादम शिटी मारायचा आणि मागून यायचा. सगळ्यांनी हात दाखवायचे. ज्याच्या हाताला ओला चिखल नाही, तो कामचुकार. एकदा आईला ताप होता. हात सुके निघाले. त्याने बोटांवर दांडा घातला. दोन बोटं मोडली. मी शेजारीच बसले होते, हात पुढे करून. हललेसुद्धा नाही.

पुढच्याच वर्षी आईने मला बोईसरजवळ सरावलीला मावशीकडे शाळेला धाडलं.

हे सरांना कोण सांगणार? आणि त्यांनी तरी कधी विचारलं? हातावर खडा ठेवला, मग मागून येऊन बखोटीला धरून उठवलं. मी उभ्या जागी मुतले. त्या दिवसापासून माझं नाव भिकारीण.

मावशी म्हणाली, "नको जाव त्या मैदानात. पोट दुखतंय सांग."

पण मला पळायचं होतं. पळण्यात वर्गातलं कुणी, पोरगेसुद्धा, मला गाठू शकत नव्हतं. तालुक्याच्या शर्यतीला जायचं, एवढी एकच हाव होती मला. आणि सर म्हणायचे, कवायत नाही तर शर्यत नाही.

महिनाभर कळ काढली. मग एक दिवस सगळ्यांसमोर बोलले. "सर, तुमी शिटी मारून मागून येता तवा माजा जीव जातो. समोर रावून सांगा. मी सगला करन."

सर हसले. "आता तू मला शिकवणार? बस खाली. कर हात पुढे. तालुक्याला हेच दाखवू."

"नाय बसणार."

छडी पोटऱ्यांवर पडत राहिली. मी उभीच. भीती होतीच हो, पण तिच्या वर संताप चढला होता. भट्टीवर आई बसली, मी बसले, सगळा पाडा बसला. आता पुरे.

यादीतून माझं नाव कापलं. शाळेसाठी मी कधीच धावले नाही. ती चीड आजही जात नाही.

त्याला वीस वर्षं झाली. आता मी स्वतः आश्रमशाळेत कवायत घेते. माझ्या वर्गात एक पोर आहे. तिच्यासमोर झोपडी जळाली, धाकटा भाऊ आतच जळून गेला. कवायत संपताना डोळे मिटा म्हटलं की ती किंचाळते. मी तिला सांगितलंय, उघडे ठेव. कडेला बस. वाटलं तर ये, नाहीतर नको येऊस.

परवा तपासणीला साहेब आले. "ही मुलगी ओळीत का नाही?" म्हणत तिची मान धरायला निघाले. मी मध्ये उभी राहिले. "तिला हात लावायचा नाय, साहेब." काल मेमो आला. खुलासा द्यावा.

खुलासा लिहिला. माफी लिहिली नाही. या मैदानावर पोराला विचारल्याशिवाय कुणी त्याच्या अंगाला हात लावणार नाही. साहेबसुद्धा नाही. मला काढायचं तर काढा. मी फाटकाबाहेर उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला हेच सांगेन.