काळी चार

जेवण झाल्यावर मी पलंगावर आडवी होते. समोर टेबलावर हेमाचा कम्प्युटर आहे. हेमा माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन रविवारी वर्ष होईल. तिचं शेवटचं गाणं यात आहे आणि तिच्या मुलाला, निनादला, ते वर्षश्राद्धाला लावायचंय. मी त्याला सांगून टाकलंय, फाईल उघडत नाही. खरं म्हणजे मी ती उघडूनच बघितलेली नाही. डोळे मिटतात, आणि पंख्याची घरघर हळूहळू तंबोऱ्यासारखी लागते.

हेमा स्वयंपाकघरात बसलीय. कम्प्युटर ओट्यावर, गॅसच्या शेजारी. कानांवर हेडफोन, केसांना नेहमीचं माक्याचं तेल.

"जाऊबाई, फाईल उघडत नाही म्हणालात म्हणे?"

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय!"

ती हसते. हे हसू मला कधीच सहन झालं नाही. मी बारा वर्षं गाणं शिकले, विशारद झाले. हिला धड सा लावता येत नव्हता. पण माउस फिरवून ही घरबसल्या बासरी आणायची, सतार आणायची, कुकरच्या शिट्टीचासुद्धा ठेका करायची. हळदीकुंकवाला सगळ्या बायका हिच्या कम्प्युटरभोवती, आणि मी आपली वाण वाटतेय. नुसता जळफळाट व्हायचा. अजून होतो, खोटं कशाला बोलू?

ओट्याच्या जागी आता मिरजेचा विशारदच्या परीक्षेचा हॉल आहे. मी सतरंजीवर, परीक्षकांच्या खुर्चीत हेमा.

"फाईलचं नाव वाचलंत?"

"काळी चार. हे काय गाण्याचं नाव झालं?"

"घरात काळी चार कोणाची आहे?"

पेटीवरची काळी चार ही माझीच पट्टी. हिला कुठली आलीय पट्टी!

"सगळी वाद्यं भरली. गळा तेवढा राहिला. तो काही कम्प्युटरमध्ये सापडेना," ती म्हणते. "तुमच्या गळ्याचा फार हेवा वाटायचा हो. पण विचारायचा धीर झाला नाही."

ती हेडफोन काढते आणि माझ्या कानांवर चढवते.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. हेडफोन टेबलावरच आहेत. पण माझी कानशिलं चिकट लागतात. बोटं नाकाशी नेते, तर माक्याचं तेल. मी डोक्याला खोबरेल लावते.

म्हणजे मनाच्या मोठेपणातही हीच माझ्या पुढे! चरफडतच मी फाईल उघडते; सगळी वाद्यं आहेत, गळा तेवढा नाही. मी निनादला फोन लावते.

"उघडली रे फाईल. पण रविवारी नुसती लावायची नाही."

"मग काय करायचं, काकू?"

"पेटी घेऊन ये. मी गाणार आहे."