खेकड्याच्या डोळ्यांची आखणी

त्या सकाळी पेणात दाट धुकं होतं, शाडू वाळायचं नाव घेत नव्हता. गडी माती मळत होते आणि हिरामण आपल्या मूर्तींच्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून गणपतीचे डोळे आखत होता. तो फक्त डोळे काढी. बाकीची कामं हलक्या लोकांची. नागोठण्याला रसायनांची कंपनी नवी आली त्या सुमाराची ही गोष्ट. जगात डोळा कळतो तो आपल्यालाच, या गुर्मीत हा माणूस चालताना जमिनीकडेसुद्धा बघत नसे.

रोह्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या फरझानाबाईंनी त्याला काम दिलं होतं. कच्छातल्या दगडात लाखो वर्षांपूर्वीचा खेकडा सापडला होता. जिवंतपणी तो दिसायचा तसा घडवायचा, काचेच्या कपाटात ठेवायचा, खाली हिरामणचं नाव. गणपती पाण्यात जातात, करणाऱ्याचं नाव कुठे उरत नाही. हे नाव उरणार होतं. बाईंनी सांगायच्या आधीच त्याने गड्याकडून नावाची पाटी रंगवून घेतली.

दगडावरून काढलेला साचा देताना बाईंनी कवचाच्या पुढच्या कडेच्या दोन खोबणी दाखवल्या होत्या. डोळे केव्हाच कुजले, पण देठावरचा डोळा आडवा दुमडून ठेवायची जागा दगडात राहिली, असं समजावलं होतं. त्याच्या नात्यातला आजचा खेकडा बघायला मिळावा म्हणून खाडीतल्या दोन जिवंत चिंबोऱ्याही धाडल्या. डोळे बघा, मधल्या बारीक मिशा बघा, वास त्यांनीच घेतात, असा निरोप होता.

चिंबोऱ्या आल्या त्याच दिवशी हिरामणने त्या बायकोपुढे टाकल्या होत्या. गिरजाबाई म्हणाली, "अवो, बगायला धाडल्यात ना त्या?"

"आता चिंबोरी मला डोळा शिकवनार व्हय? वाटण लाव गो."

रस्सा ओरपून तो कामाला बसला. साच्यातून खेकडा निघाला तर खोबणी त्याला फुटल्यासारख्या दिसल्या. खंडित वस्तू कारखान्याबाहेर जात नाही. त्याने त्या शाडूने लिंपल्या आणि वर डोळे आखले. पापण्या, भुवया, कोपऱ्यात लाली. मिशा द्यायच्या राहूनच गेल्या.

आणि आज, या सकाळचं धुकं विरता विरता बाई खेकडा न्यायला आल्या. त्यांनी कवचाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दगडानं इतकी वर्षं सांभाळलेली जागा तुम्ही बुजवलीत, हिरामणदादा."

"फुटकं देत नाय आपन कोनाला."

"चिंबोऱ्या बघितल्या होत्यात?"

"गिळल्या त्यानं," आतून गिरजाबाई म्हणाली.

बाईंनी साचा तेवढा पिशवीत घातला. काम दुसऱ्या कारखान्यात देते म्हणाल्या आणि गेल्या. हिरामण गड्यांना ऐकवत राहिला की शिकलेल्या बाईला देखणा डोळा कळत नाही. लाज त्याच्या वाटेला जाईना. मग रंग घोटायला फळी सापडेना, म्हणून नावाची पाटी उपडी करून तिच्यावर काळा ओतला आणि त्याने पुढचा गणपती ओढला.