तीन तालुक्यांची फाइल

“थांबा, घर लावायलेय,” असं म्हणत मॅडम पेनड्राइव्ह खोचायच्या. रांगेतली माणसं हसायची. दोन मिनिटांत अक्षरं मोठी, पडदा काळा, कीबोर्ड त्यांच्या बोटांच्या सवयीचा. परका कॉम्प्युटर त्यांचा होऊन जायचा.

अर्ज भरून द्यायची एकाच मालकाची तीन केंद्रं होती: मानवत, पेडगाव, देवगाव फाटा. मी कायमचा मानवतला. मॅडम एसटीनं तिन्हीकडं. त्यांच्या कामाच्या सगळ्या सवयी एका फाइलीत लिहिलेल्या. नुसतं ‘ता’ टाइप केलं की मानवतला ‘तालुका मानवत’ उमटायचं, पेडगावला ‘तालुका परभणी’, देवगाव फाट्याला ‘तालुका सेलू’. आपण कुठल्या गावी आलोय हे त्या फाइलीला कळायचं! तुम्ही असता तर तुम्हीही माझ्यासारखे त्यांच्या खुर्चीमागं उभे राहिला असता.

“हे शिकलात कुठं, मॅडम?”

“कुठं न्हाई सर. तेच तेच करून लय कंटाळा आला, मग सुचलं.”

एकदा त्या नसताना मी आमच्या कॉम्प्युटरवरची त्या फाइलीची प्रत उघडली. मला माझे चार शब्द घालायचे होते. तालुक्याच्या तीन ओळी फालतू वाटल्या. मी एकच ठेवली, मानवतची. सांगायचं राहून गेलं, असं आजवर स्वतःला म्हणत आलो. खरं म्हणजे मी सांगितलं नाही.

मॅडमनी देवगाव फाट्याला जाताना नेहमीप्रमाणे इथली ताजी फाइल पेनड्राइव्हवर सोबत नेली. देवगाव फाट्याचे आठवडाभराचे अर्ज ‘तालुका मानवत’ होऊन तहसीलमधून परत आले.

“कोणी केलं हे?” मालक मानवतला येऊन कडाडले.

कुठला बदल कुठल्या कॉम्प्युटरवर, कधी झाला, हे फाइलीतच नोंदलेलं असायचं. मॅडमनी नोंद पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

“फाइल माझी हाय, मालक. मी तपासायला पायजे होती.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

मी स्टेपलरमध्ये पिना भरत राहिलो.

निघण्याआधी त्या माझ्या कॉम्प्युटरवर बसल्या. तिन्ही ओळी परत घातल्या. खाली माझे चार शब्द वेगळे, नीट लावून दिले.

“सर, हा तुमचा भाग. हितं काय बी बदला, बाकीच्याला धक्का लागणार न्हाई.”

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला.

काल मालकांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मॅडमचा नंबर लावला. तो बंद आहे. तिन्ही केंद्रं अजून त्यांच्याच फाइलीवर चालतात.