थोरली, धाकटी आणि आमचे साडू

जगात जेवढा म्हणून रीतसरपणा शिल्लक होता, तो सगळा देवाने एकाच माणसात भरला आणि तो माणूस मला साडू म्हणून दिला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयाने माझ्याहून थोडे मोठे, उंचीने बरेच लहान. मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण यांच्या अंगातला भोंगा काही बंद पडला नाही. लग्नाचं आमंत्रण फोनवर दिलं तरी दुसऱ्या दिवशी अक्षता घेऊन स्वतः दारात हजर. आजाऱ्याला भेटायला जायचं तर मोसंबी घेऊनच, मग आजारी माणसाला मोसंबी वर्ज्य का असेना. इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खायला गेलो तर पानाच्या दोन्यात आधी डाव्या अंगाला चिमूटभर मीठ ठेवायला लावणार. "भिया, पान वाढल्यासारखं लगना चाहिए," असं कीसवाल्याला सांगणार. पहिल्यांदा तो बिचारा यांच्याकडे बघतच राहिला. आता हे लांबून दिसले तरी तो मिठाचा डबा पुढे ओढतो.

या माणसाबद्दल आमच्या ओळखीपाळखीत एक गोष्ट सांगतात. सशांवरून यांचं माझ्याशी बिनसलं आणि यांनी माझ्या घरचं पाणी नाकारून, फाटकाबाहेर रस्त्यात उभं राहून स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन माझा अपमान केला, अशी ती गोष्ट. ती मीच पसरवली, आणि नकलेसकट पसरवली. पाणी नाकारलं आणि बाहेर जाऊन प्यायले, एवढं खरं. बाकी सगळं खोटं. खरं काय ते मी तोंडी सांगून पाहिलं, पण लोकांना आधीचीच गोष्ट जास्त आवडते. म्हणून आता लिहूनच टाकतो.

साडूंचा खरा छंद म्हणजे लग्नं जमवणं. आमच्या समाजाच्या वधूवर मेळाव्यात वर्षानुवर्षं माइक यांच्याच हातात. "मुलाकडच्या मंडळींनी पंख्याखालच्या खुर्च्या अडवू नयेत," हे त्यांचं वाक्य इंदुरातल्या निम्म्या मराठी संसारांच्या मुळाशी आहे. स्थळ बघण्याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. पहिला नियम, दिवाणखाना बघू नये, मोरी बघावी. दिवाणखाना सगळेच आवरतात. दुसरा नियम, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय आवडतं ते सुनेला विचारावं. ती चटकन बोलली तर घर चांगलं. इतक्या लोकांच्या मुली त्यांनी उजवल्या, पण स्वतःला दोन्ही मुलगेच. कुणाच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप डोळे पुसायला लागला की हे त्याच्याकडे अशा काही नजरेने बघत, की त्यालाच वाटावं आपण बक्षीस घेऊन चाललोय.

त्यांच्या नातीने दुकानातून सशांची दोन पिल्लं आणली. "दोन्नों बहनें हैं," असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. एक पांढरीशुभ्र, तिचं नाव थोरली. दुसरी राखाडी, ती धाकटी. महिना-दीड महिन्यात मुलाची बदली बंगळूरला झाली, नात गेली, ससे राहिले. आणि तुकोगंजातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ताईंना, म्हणजे साडूंच्या पत्नीला, खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, घरात ससे आहेत तोवर खोकलाही राहणार. साडूंनी पंधरवडाभर खोकल्याचीच दुसरी कारणं शोधली. शेवटी ताई म्हणाल्या, "मी रात्रभर खोकते तर हे कूस बदलतात. ती पांढरी एकदा शिंकली तर टॉर्च घेऊन उठतात!"

झालं, साडूंनी स्थळं बघायला घेतली. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी मजकूर टाकला तो असा. "दोघी बहिणी. एक गोरी, एक सावळी, नाकीडोळी नीटस. स्वभाव शांत. आहार शुद्ध शाकाहारी. अपेक्षा, अंगण असलेलं सुसंस्कृत कुटुंब. एकाच घरी देणे आहे." ससा हा शब्द मजकुरात कुठेच नव्हता, तो फोटोत होता, आणि फोटो काही गेला नाही. देवासहून एका गृहस्थांचा फोन आला, "दोन्ही मुलं इंजिनिअर आहेत, मुलींचं शिक्षण किती?" साडू गंभीरपणे म्हणाले, "शिक्षण नाही, पण हाक मारली की येतात." तिकडून फोन ठेवला गेला.

प्रत्येक घर बघायला मला बरोबर नेत. मुलीकडून एकट्याने जायचं नसतं. भर एप्रिलात बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि माझ्या हातात पेढ्यांचा पुडा. पहिलं स्थळ सराफ्याजवळचं, गच्चीवर प्रशस्त जागा. घरच्यांनी सोफ्यावर बसवलं तर हे म्हणाले, "मोरी कुठाय?" त्यांना वाटलं यांना जायचंय. मोरी उत्तम निघाली. पण गच्चीवरून खाली वाकून बघितलं आणि साडूंनी मान हलवली. "रात्रभर खाली खाण्याची गर्दी. मुलींनी झोपायचं कधी?" दुसरं स्थळ पोलोग्राउंडवरचा एक वर्कशॉपवाला. माणूस उमदा, दोघींसाठी लाकडी खोकंसुद्धा ठोकून ठेवलेलं. पण लेथच्या मागून एक कुत्रा आला आणि त्याने साडूंचा पायजमा हुंगला. परतताना रिक्षात साडू म्हणाले, "माणूस चांगला आहे रे भिया. पण जाऊबाई कडक आहे." तिसऱ्या घरी एक तरुण जोडपं. सगळं पसंत पडलं, मोरीदेखील. मग ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, आम्हाला ना फक्त व्हाइटवाली पाहिजे. पर्दे के साथ मॅच होईल." साडू उभे राहिले, पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेतला, आणि तिथे न ठेवता माझ्याच पिशवीत टाकला. मेळाव्याच्या इतक्या वर्षांत त्यांनी पुडा परत घेतल्याचं हे एकच उदाहरण.

शेवटी आमच्या हिनेच तोड काढली. "भाऊजी, आमचं मागचं अंगण रिकामंच पडलंय. पेरूखाली राहतील की." मला काही ससे नको होते, पण मला विचारतंय कोण? साडूंनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. चाळीस वर्षं येत असलेल्या घरात ते उठले आणि मोरी बघून आले. मग म्हणाले, "पसंत आहे." पुढच्या गुरुवारी, मुहूर्त बघून, थोरली आणि धाकटी आमच्याकडे आल्या. टोपलीत दोघींच्या गळ्यात मोगऱ्याचे गजरे होते. आमच्या अंगणात पोचेपर्यंत गजरे त्यांनी खाऊन टाकले होते.

आणि त्या दिवसापासून साडू बदलले.

त्याआधी हा माणूस आमच्याकडे आला की फाटकातूनच ओरडायचा, "अरे भिया, चाय टाकायला सांग!" कपात चहा, बशीत शेव, मग अर्धा कप अजून, मग माझ्यावर टीका, असा क्रम. चाळीस वर्षांत तो मोडला नव्हता. आता ते फाटकाची कडी वाजवून उभे राहू लागले. हात जोडून म्हणू लागले, "नमस्कार साडूभाऊ, आपली प्रकृती कशी आहे?" मी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कुणी आलंय की काय म्हणून. दर वेळी हातात काहीतरी असायचंच, कोथिंबिरीची जुडी, गाजरं, हिच्यासाठी वेणी. खुर्चीच्या कडेवर टेकायचे. अंगणात जाऊन दोघींना लांबूनच बघायचे. मी एकदा त्यांच्यादेखत धाकटीला गुलाबजाम चारला. पूर्वी यांनी माझा हात धरला असता. आता कसनुसं हसून म्हणाले, "आपल्या घरची पद्धत आहे, आम्ही काय बोलणार?" मला वाटलं, टोमणा मारला. आणि चहा? "नको नको, आत्ताच झाला." पाणी? "तहान नाही." रोजच आत्ताच झालेला, रोजच तहान नाही.

मग ती मे महिन्यातली दुपार. साडू तुकोगंजहून पायी आले. तोंड लालबुंद झालेलं, ओठ सुकलेले. हिने माठातल्या पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, हात जोडले, सशांची चौकशी केली, आणि उठले. मी खिडकीतून बघत होतो. फाटकाबाहेर गेले, पाच पावलं पुढे चालले, पिशवीतून बाटली काढली, आणि भर उन्हात, समोरचं कुटुंब गॅलरीत उभं असताना, घटाघटा पाणी प्यायले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांचे ससे मी सांभाळायचे, आणि माझ्या घरचं पाणी यांना चालत नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत आमच्या फिरणाऱ्या मंडळींना मी सगळं करून दाखवलं, ते हात जोडणं, ते कडेवर टेकणं, आणि ते रस्त्यातलं पाणी पिणं. मंडळी बाकावर लोळली. माझ्यातला हा गुण मलाही नवा होता. मग फर्माइशी होऊ लागल्या, "भिया, वो पानीवाला फिर से!" आणि मीही रोज नवा मसाला घालत गेलो. इंदुरात गोष्ट पोचायला पोहे शिजण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. साडूंचं येणं कमी झालं. मीही त्यांच्याकडे जायचं सोडलं. ही म्हणायची, "एकदा विचारा तर खरं त्यांना." मी म्हणायचो, "त्यांनी विचारावं." एवढ्या वर्षांचा दोस्ताना, आणि आम्ही दोघं म्हातारे एका गाजराच्या जुडीपुरते उरलो. ती जुडी फाटकाला अडकवलेली असायची.

पावसाळ्याच्या तोंडाला थोरली बिघडली. तोंडात सुकं गवत धरून पेरूखालच्या बिळात जा-ये करू लागली, आणि स्वतःच्याच छातीचे केस उपटू लागली. ही घाबरली. दोघींना टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगी होती. तिने थोरलीचं पोट चाचपलं आणि हसली, "अंकल, बीमार नहीं है ये. माँ बनने वाली है, घर सजा रही है."

"अहो, पण दोन्ही बहिणी आहेत!"

"किसने बोला?" तिने धाकटीला उलटी केली, क्षणभर बघितलं, आणि माझ्याकडे दयेने पाहत म्हणाली, "ये बहन नहीं है, अंकल."

दोन दिवसांनी बिळात पिल्लं दिसली, डोळे मिटलेली, उघडीनागडी, आईच्या केसांत गुंडाळलेली. हिने ताईंना फोन केला. तासाभरात रिक्षा थांबली. साडू उतरले ते बंद गळ्याच्या कोटात, बगलेत मेथीच्या जुड्यांचा भारा, मागोमाग ताई. बाळंतिणीला मेथी. साडू थेट अंगणात गेले, वाकून बिळात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग टोपी काढली, घाम पुसला, माझ्या खुर्चीत मागे रेलून बसले आणि ओरडले, "अरे भिया, चाय टाकायला सांग! आणि शेव आहे ना घरात?"

ताई हसतहसत खाली बसल्या. "सुटलं बाई एकदाचं! अगं, मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी घ्यायचं नाही, असं यांचे आजोबा पाळायचे. आत्याच्या घरी जाताना म्हणे तांब्या घेऊन जायचे. मी यांना किती सांगितलं, अहो, ससे आहेत ते! तर म्हणाले, दिल्या ना त्या घरी? मग?"

"मग सांगितलं का नाही आम्हाला?" ही ओरडली.

"सांगायची रीत नसते," साडू शेव खातखात म्हणाले.

तेव्हा मी त्यांना धाकटीचं सांगितलं. शेवेची मूठ अधांतरी राहिली. साडूंनी डोळे मिटून सगळा हिशेब पुन्हा मांडला, आणि उठून उभेच राहिले. "म्हणजे नवरामुलगा माझ्याच घरचा? म्हणजे तू व्याही नाहीसच! तू नुसता हॉलवाला! आणि मी सबंध उन्हाळाभर तुझ्याकडचा चहा सोडला?" त्यांनी तिथल्या तिथे हिला बाकी राहिलेला चहा वसूल करायचा असल्याचं बजावलं. रीत पाळल्याचं त्यांना काही वाटलं नाही, पण ती विनाकारण पाळली गेली याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बायका आत गेल्या. पेरूखाली आम्ही दोघंच उरलो. मी घसा साफ केला. "भाऊ, मी बागेत तुमच्याबद्दल नाही नाही ते बोललो."

"ठाऊक आहे. नक्कल छान करतोस म्हणे."

"मग दोन शब्द सुनवायचे होतेत मला."

ते मेथीची एकेक काडी निवडत होते. वर न बघता म्हणाले, "अरे, सासरचे बोलायचेच. मुलीच्या बापाने ते मनावर घेतलं, तर मुलींनी नांदायचं कसं?"

मला हसू यायला हवं होतं. या माणसाने आयुष्यभर मांडवाच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांचं मुलीचा बाप होणं पाहिलं होतं. एका उन्हाळ्यापुरतं ते त्याच्या वाट्याला आलं, तर त्यातलं काही म्हणजे काही त्याने सोडलं नाही, मी केलेला अपमानसुद्धा. थोरली बिळातून बाहेर आली, त्यांच्या वहाणेवर हनुवटी घासली आणि तिथेच अंग पसरून बसली. साडूंनी कप खाली ठेवला आणि पाय मुळीच हलवला नाही. मुंग्या आल्या असणार. पण मीही उठा म्हटलं नाही.